रिअल-टाइम कर्नलची घरगुती बांधणी: चार आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

या नोंदी लिनक्सचे ६.१२ मालिकेतील कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः कंपाइल करताना (सोर्स कोडपासून बांधताना) ठेवल्या आहेत. आज्ञा, फाइली आणि पर्याय यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली असून टाइप करताना ती मूळ रोमन लिपीतच द्यावी लागतील. संगणक चार कोअर आणि आठ थ्रेडचा, रॅम ८ जीबी, डिस्क एनव्हीएमई प्रकारची, स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) शून्य. स्वॅप शून्य का होते, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. ते पुढे चांगलेच भोवले.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

यूएसबी साउंड इंटरफेसवर रेकॉर्डिंग करताना बफर ६४ सॅम्पलवर आणला की आवाज मध्येच तुटतो. ४८,००० हर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे जेमतेम १.३३ मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात वितरणाबरोबर (लिनक्सच्या तयार संचाबरोबर) आलेले कर्नल दर वेळी जागेवर हजर राहत नाही. पूर्वी यावर उपाय म्हणजे रिअल-टाइम पॅच, म्हणजे कर्नलने ठरलेल्या वेळेत प्रतिसाद द्यावा यासाठीचा बदल, शोधून मूळ कर्नलवर चढवणे. सप्टेंबर २०२४ मध्ये हाच बदल प्रीएम्प्ट-आरटी या नावाने मुख्य शाखेत आला आणि नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१२ पासून एक्स८६वर ते वेगळ्या पॅचशिवाय निवडता येते. म्हणून हा खटाटोप.

पहिला दिवस मात्र कंपाइलरपर्यंत पोहोचण्याआधीच संपला. घरच्या डिस्कवर जागा कमी होती म्हणून मी सोर्सचा टारबॉल (एकत्र बांधलेला गठ्ठा) बाहेरच्या एक्सफॅट डिस्कवर उलगडला. टारने सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) तयार करता येत नसल्याच्या काही तक्रारी केल्या. त्या मी किरकोळ समजून सोडून दिल्या. खरा घोटाळा त्याहून शांतपणे झाला होता. नेटफिल्टरच्या (कर्नलमधल्या नेटवर्क-गाळणीच्या) फोल्डरमध्ये ‘एक्सटी-टीसीपीएमएसएस’ नावाच्या दोन फाइली आहेत, एकीचे नाव मोठ्या लिपीत आणि दुसरीचे छोट्या लिपीत, आणि त्या दोन्ही वेगवेगळे काम करतात. असेच जोड डीएससीपी, रेटइस्ट आणि एचएल यांचेही आहेत. ज्या फाइलसिस्टमला मोठ्या आणि छोट्या अक्षरांत भेद कळत नाही, तिथे यातली एक फाइल दुसरीवर लिहिली जाते आणि कोणीही हू की चू करत नाही. हे ध्यानात यायला दीड तास लागला. कर्नलचा सोर्स ईएक्सटी४ किंवा तत्सम लिनक्सच्याच फाइलसिस्टमवर उलगडावा, एवढे या दीड तासाचे उत्पन्न.

मग घरच्या डिस्कवरच्या जुन्या आयएसओ प्रतिमा पुसून जागा केली, ‘नवे कर्नल’ अशा अर्थाचे दोन शब्दांचे फोल्डर बनवले आणि त्यात पुन्हा उलगडले. बांधणी चालवणाऱ्या ‘मेक’ या आज्ञेने पहिल्याच फटक्यात नकार दिला, कारण सोर्सच्या मार्गात मोकळी जागा किंवा अपूर्णविरामाचे चिन्ह चालत नाही. निदान हा संदेश तरी स्पष्ट होता. फोल्डरचे नाव बदलले आणि दिवस आवरता घेतला.

रविवार, ५ जानेवारी

चालू कर्नलची कॉन्फिग फाइल (कोणते भाग बांधायचे त्याची यादी) ‘बूट’ फोल्डरमधून आणून ‘.कॉन्फिग’ या नावाने सोर्सच्या मुळाशी ठेवली आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवले. ही आज्ञा जुन्या कॉन्फिगमध्ये नसलेल्या सगळ्या नव्या प्रश्नांना मूलभूत उत्तर देऊन मोकळी होते. ‘मेक ओल्डकॉन्फिग’ तेच प्रश्न एकेक करून विचारते. मी आधी तोच मार्ग धरला होता, पण जुन्या आवृत्तीवरून आल्यामुळे प्रश्न शेकड्यांनी होते आणि चाळिसाव्यानंतर मी न वाचताच एंटर दाबत होतो. न वाचता एंटरच दाबायचे असेल तर ते काम संगणकाने करणे बरे.

अवजारांची जमवाजमव करताना मी एका वेळी एकाच चुकीच्या मागे लागलो. फ्लेक्स नाही म्हणून तो आणला, मग बायसन, मग बीसी, मग लिबएल्फच्या हेडर फाइली, मग ओपनएसएसएलच्या, मग मेनूसाठी एनकर्सेसच्या, आणि अगदी शेवटी पाहोल, जे माझ्या वितरणात ‘ड्वार्व्ह्ज’ नावाच्या पॅकेजमध्ये दडलेले निघाले. ही सगळी यादी एकाच आज्ञेत आणली असती तर पाऊण तास वाचला असता. इथे एक फरक पडतो: लिबएल्फ आणि ओपनएसएसएल यांचे चालू ग्रंथालय संगणकावर आधीच असते, त्यामुळे ‘आहे की’ असे वाटते, कंपाइल करायला त्यांची विकासासाठीची, म्हणजे शेवटी ‘डेव्ह’ किंवा ‘डेव्हल’ लागलेली पॅकेजे लागतात.

त्यानंतर प्रीएम्प्ट-आरटी निवडण्याचा प्रयत्न. मेनूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबली की शोध घेता येतो. शोधात पर्याय सापडला, पण मेनूत त्या ठिकाणी गेल्यावर तो दिसेना. मी ‘.कॉन्फिग’ संपादकात उघडून ती ओळ हाताने घातली आणि ओल्डडेफकॉन्फिग पुन्हा चालवले. ओळ गायब झाली, तीही कोणताही इशारा न देता. शोधाच्या निकालाखाली तो पर्याय कशावर अवलंबून आहे हे लिहिलेले असते आणि कंसात त्या अटीची सध्याची स्थिती असते. तिथे ‘एक्स्पर्ट’ हा पर्याय बंद असल्याचे मी दोनदा पाहूनही वाचले नव्हते. जनरल सेटअपमध्ये तो चालू केल्याबरोबर रिअल-टाइमचा पर्याय समोर आला. अट पूर्ण नसताना हाताने लिहिलेली ओळ व्यवस्था पुसून टाकते, आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. तेव्हापासून कोणताही बदल केला की मी मूळ कॉन्फिगची प्रत आणि नवी फाइल ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधल्या ‘डिफकॉन्फिग’ने ताडून पाहतो.

याच बैठकीत मी आगाऊपणा केला. जनरल सेटअपमध्ये फिरताना इनिट्रॅमएफएससाठी (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उलगडणाऱ्या छोट्या फाइलसिस्टमसाठी) सहा-सात आकुंचन पद्धती चालू दिसल्या. ‘एवढ्या कशाला, जीझिप पुरे’ असे म्हणून बाकीच्या बंद केल्या. ही नोंद त्या दिवशी केली नव्हती, १९ तारखेनंतर मागे येऊन घातली आहे.

शनिवार, ११ जानेवारी

पहिले पूर्ण कंपाइल. चार मिनिटांत थांबले: प्रमाणपत्राची एक पीईएम फाइल बनवण्याचा नियम सापडत नाही, असा संदेश. वितरणाच्या कॉन्फिगमध्ये ‘सिस्टिम-ट्रस्टेड-कीज’ या पर्यायात वितरणकर्त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा मार्ग लिहिलेला असतो आणि ती फाइल मूळ सोर्समध्ये नसते. तो पर्याय रिकाम्या अवतरणचिन्हांचा केला की काम भागते. ‘रिव्होकेशन-कीज’ नावाचा त्याचा भाऊ भरलेला असेल तर त्यालाही रिकामे करावे, नाहीतर तो पुढच्या वळणावर अडवतो. मला अडवले.

मग पुन्हा सुरुवात केली, आणि नोंदवही सांभाळावी म्हणून मेकचे सगळे बोलणे पाइपने ‘टी’ या आज्ञेतून (ती पडद्यावर आणि फाइलीत दोन्हीकडे लिहिते) एका लॉग फाइलीत वळवले, पुढे दोन अँपरसँड देऊन (म्हणजे आधीचे काम यशस्वी झाले तरच पुढचे) मॉड्यूल, म्हणजे कर्नलला गरजेप्रमाणे जोडले जाणारे भाग, बसवण्याची आज्ञा जोडली आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावर मॉड्यूल बसवण्याच्या टप्प्यातल्या तक्रारींचा ढीग होता आणि मी अर्धा तास त्या तक्रारींचाच अभ्यास करत बसलो. प्रत्यक्षात कंपाइल कधीच कोसळले होते. पाइप वापरला की शेलला शेवटच्या आज्ञेचा, म्हणजे टीचा, निकाल दिसतो. टीने आपले काम चोख केलेले असल्याने शेलने ‘सगळे ठीक’ समजून पुढची आज्ञा बेधडक चालवली. बॅशमध्ये आधी ‘सेट’ आज्ञेने ‘पाइपफेल’ चालू केले की हे होत नाही.

लॉगमध्ये मूळ चूक शोधणेही वाटले तितके सोपे नव्हते. आठ कामे समांतर चालू असली की एक कोसळल्यावरही बाकीची सात आपले बोलणे पूर्ण करतात, त्यामुळे शेवटच्या ओळीत दिसणारी ‘एरर २’ ही केवळ वरच्या पातळीवरच्या मेकने हार मानल्याची खूण असते. लॉगमध्ये वरून खाली पहिली ‘एरर’ शोधावी आणि तिच्या थोड्या वरच्या ओळी वाचाव्यात. तिथे मला एकच शब्द सापडला: ‘किल्ड’. बीटीएफ माहिती (कर्नलमधल्या डेटा-प्रकारांची नोंद) तयार करणाऱ्या पाहोलला कोणीतरी ठार केले होते, आणि त्याखाली व्हीएमलिनक्ससाठी (बांधलेल्या कर्नलच्या फाइलसाठी) बीटीएफ बनवता आले नाही, तो पर्याय बंद करून पाहा, असा सल्ला होता. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) मारेकरी सापडला: रॅम संपल्यावर प्रोग्राम मारणारा कर्नलचा ओओएम किलर. ८ जीबी रॅम, शून्य स्वॅप, आठ समांतर कामे आणि शेजारी ब्राउझर उघडा.

८ जीबीची स्वॅप फाइल केली, ब्राउझर बंद केला, ‘जे’ पर्यायाला ८ ऐवजी ४ दिले. (‘जे’नंतर आकडाच दिला नाही तर मेक समांतर कामांवर काही मर्यादा ठेवत नाही, हा प्रयोग करू नये, मी तो पूर्वी कधीतरी केला आहे आणि तेव्हा पॉवरचे बटण दाबण्यावाचून पर्याय राहिला नव्हता.) कंपाइल पूर्ण झाले. वेळ २ तास ५० मिनिटे, आणि बांधणीच्या फोल्डरने २० जीबीहून अधिक जागा खाल्ली.

रविवार, १२ जानेवारी

इतका वेळ आणि इतकी जागा दर बदलाला देणे परवडणारे नव्हते. दोन उपाय केले. पहिला, डीबग माहिती बंद करणे. कालचा फुगवटा बहुतांशी तिचाच होता. ‘डीबग-इन्फो’ हा पर्याय मी स्क्रिप्टने बंद केला, ओल्डडेफकॉन्फिग चालवले, आणि तो पुन्हा चालू. ५.१८ पासून हा पर्याय स्वतंत्र राहिलेला नाही. ‘डीबग माहिती कोणत्या प्रकारची’ या निवडीतला डॉर्फचा (डीबग माहितीच्या एका स्वरूपाचा) प्रकार त्याला चालू करतो, त्यामुळे त्याच निवडीत ‘डीबग-इन्फो-नन’ घ्यावा लागतो. तो घेतल्यावर बीटीएफही आपोआप गेले आणि पाहोलचा प्रश्नच मिटला. बीपीएफवर (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याच्या सोयीवर) आधारित साधने वापरणाऱ्यांनी मात्र बीटीएफ घालवू नये, रॅम वाढवावी किंवा स्वॅप द्यावे.

दुसरा उपाय ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’. ही आज्ञा त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल पाहते आणि बाकीची कॉन्फिगमधून काढून टाकते. त्या क्षणी, या शब्दांकडे मी पुरेसे लक्ष दिले नाही.

मग जुनी बांधणी साफ करावी म्हणून ‘मेक एमआरप्रॉपर’ चालवले. ‘मेक क्लीन’ तयार झालेल्या फाइली काढते आणि ‘.कॉन्फिग’ ठेवते, एमआरप्रॉपर ‘.कॉन्फिग’सकट सगळे नेते. सकाळचे सगळे बदल गेले. पाऊण तासात ते पुन्हा केले आणि कॉन्फिगची तारीखवार प्रत सोर्सच्या बाहेर ठेवायला लागलो. नव्या कॉन्फिगने पूर्ण कंपाइल १९ मिनिटांत झाले, जो या सबंध प्रकल्पातला सर्वांत आनंदाचा आकडा होता.

शनिवार, १८ जानेवारी

मॉड्यूल आणि कर्नल बसवले, ड्रॅकट या साधनाने इनिट्रॅमएफएस बनवला, ग्रब या बूटलोडरचा मेनू ताजा केला. पहिल्या बूटला ग्रबनेच स्वाक्षरी चुकीची असल्याचे सांगून कर्नल नाकारले, कारण सिक्युअर बूट (सही असलेलेच कर्नल चालू देणारी सोय) चालू होते. स्वतःची किल्ली बनवून ती मॉकयूटिलने नोंदवणे आणि एसबीसाइनने कर्नलवर सही करणे हा रीतसर मार्ग आहे; चाचणी संपेपर्यंत मी फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केले.

दुसऱ्या बूटला कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल पुरते थांबले: रूट (मुख्य) फाइलसिस्टम माउंट करता येत नाही, ‘अननोन-ब्लॉक’, कंसात शून्य, शून्य. हा संदेश इतका प्रसिद्ध आहे की त्याचे औषधही प्रत्येकाला पाठ असते: डिस्कचा किंवा फाइलसिस्टमचा ड्रायव्हर कमी पडला. म्हणून मी एनव्हीएमई आणि ईएक्सटी४ दोन्ही मॉड्यूलऐवजी थेट कर्नलमध्ये बांधले, कंपाइल केले, बसवले. पुन्हा पॅनिक, तोच संदेश, तेच शून्य. फरक इतकाच की आता वर विभाजनांची यादी दिसत होती आणि तीत माझे रूट विभाजन व्यवस्थित हजर होते. डिस्क दिसते, विभाजन दिसते, आणि तरी कर्नल म्हणते की रूट कुठे आहे ते कळत नाही. रात्री साडेअकरापर्यंत मी ग्रबच्या ओळीत अक्षरे तपासत राहिलो. साडेतीन तास गेले.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी सुचले ते असे. ग्रब कर्नलला रूटची ओळख यूयूआयडीने (फाइलसिस्टमच्या ओळखक्रमांकाने) देते, आणि फाइलसिस्टमचा यूयूआयडी वाचून विभाजन शोधण्याचे काम कर्नल स्वतः करत नाही; ते इनिट्रॅमएफएसमधला प्रोग्राम करतो. (पार्टयूयूआयडी, म्हणजे विभाजनाचा ओळखक्रमांक, कर्नलला थेट कळतो, दोन्ही नावे सारखी दिसतात म्हणून हा गोंधळ होतो.) म्हणजे डिस्क दिसूनही रूट सापडत नसेल तर इनिट्रॅमएफएस चाललेलाच नाही. पण का, हे सांगणारी ओळ पॅनिकच्या बरीच आधी पडद्यावरून सरकून गेलेली असणार, आणि कन्सोलवर शिफ्ट धरून मागे सरकण्याची सोय कर्नलमधून ५.९ लाच काढून टाकली आहे. बूट होताना मोबाइलवर चित्रण करून पाहिले. फक्त धूसर रेघा मिळाल्या.

मग तेच कर्नल आणि तोच इनिट्रॅमएफएस क्यूईएमयू या आभासी संगणकात चालवले. ‘कर्नल’ आणि ‘इनिटआरडी’ या पर्यायांना दोन फाइलींचे मार्ग, २ जीबी रॅम, ग्राफिक खिडकी बंद, आणि ‘अपेंड’मध्ये कन्सोल सिरियल पोर्टवर. सगळे बोलणे टर्मिनलमध्ये आले, जिथे हवे तितके मागे जाता येते. पॅनिकच्या बऱ्याच वर ती ओळ होती: इनिट्रॅमएफएस उलगडता आला नाही, झेडएसटीडी ही आकुंचन पद्धत या कर्नलमध्ये समाविष्ट नाही.

५ तारखेचा माझा आगाऊपणा तो हाच. ड्रॅकटच्या सेटिंगमध्ये झेडएसटीडी मीच कधीतरी लिहून ठेवले होते आणि कर्नलमधून ते उलगडणारा भागही मीच काढला होता. ‘आरडी-झेडएसटीडी’ चालू केले. फेरकंपाइल सहा मिनिटांत झाले, कारण बदललेल्या भागापुरतेच काम करायचे होते. क्यूईएमयूमध्ये इनिट्रॅमएफएस उलगडला, तिथे डिस्क नसल्याने ड्रॅकट आपत्कालीन शेलवर जाऊन थांबला, आणि तो शेल पाहून मला जितका आनंद झाला तितका एरवी कोणाला होत नसेल. प्रत्यक्ष संगणकही पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. आता प्रत्येक बांधणी आधी क्यूईएमयूमध्ये एकदा फिरवल्याशिवाय मी बसवत नाही; त्याला अर्धे मिनिट लागते, एका फसलेल्या रीबूटला पाच.

शनिवार, २५ जानेवारी

‘यूनेम’च्या ‘व्ही’ पर्यायाने प्रीएम्प्ट-आरटी हा शब्द दाखवला. साउंड इंटरफेस जोडला. काहीच घडले नाही.

ज्या उपकरणासाठी हा सगळा उद्योग चालला होता, ते १२ तारखेला लोकलमॉडकॉन्फिग चालवताना जोडलेले नव्हते. त्यामुळे यूएसबी ऑडिओचे मॉड्यूल छाटले गेले, बाहेरची डिस्क जोडलेली नसल्याने एक्सफॅट गेले, व्हीपीएन बंद असल्याने त्याचे टनेलचे मॉड्यूलही गेले. जुन्या कर्नलमध्ये परत बूट करून वापरातली यच्चयावत उपकरणे जोडली, व्हीपीएन सुरू केले, मग एलएसमॉडची (लोड असलेल्या मॉड्यूलची) यादी एका फाइलीत साठवून लोकलमॉडकॉन्फिगला तीच दिली. जोडीला ‘एलएमसी-कीप’ या चलाने यूएसबी ड्रायव्हर, फाइलसिस्टम आणि साउंड ही फोल्डरे छाटणीतून वगळली. कंपाइलचा वेळ १९ वरून २६ मिनिटांवर गेला; सात मिनिटांत उद्या घ्यायच्या पेनड्राइव्हची काळजी मिटत असेल तर सौदा वाईट नाही.

फेरकंपाइल करताना मध्येच परवानगी नाकारल्याची चूक आली. १८ तारखेच्या घाईत एकदा ‘मेक’च सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवले होते, त्यामुळे सोर्समधल्या काही फाइलींची मालकी रूटकडे, म्हणजे प्रशासक खात्याकडे, गेली होती. मालकी परत घेतली. सुडो फक्त बसवण्याच्या टप्प्याला द्यावे.

वायरलेस कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा आहे. तो आधी ‘मॉड्यूलचे स्वरूप अवैध’ असे सांगून अडला, कारण तो रिअल-टाइम नसलेल्या कर्नलसाठी बांधलेला होता आणि मॉड्यूलवरच्या आवृत्तीच्या शिक्क्यात प्रीएम्प्ट-आरटीचाही उल्लेख असतो. तो जुळला नाही की कर्नल मॉड्यूल दारातूनच परत पाठवते. नव्याने बांधायला गेलो तर हेडर फाइली सापडेनात. मॉड्यूलच्या फोल्डरमधली ‘बिल्ड’ ही लिंक माझ्या सोर्सच्या फोल्डरकडे बोट दाखवते, आणि आठवड्याभरात मी त्या फोल्डरचे नाव बदलले होते. लिंक सुधारल्यावर ड्रायव्हर बांधला गेला.

रविवार, २६ जानेवारी

मोजमाप. सायक्लिकटेस्ट ही विलंब मोजणारी चाचणी एक तास चालवली, शेजारी भार म्हणून कर्नलचेच कंपाइल चालू ठेवले. वितरणाच्या कर्नलवर सर्वाधिक विलंब ३ मिलिसेकंदांच्या थोडा पुढे गेला होता, म्हणजे ६४ सॅम्पलच्या बफरच्या दुपटीहून जास्त. नव्या कर्नलवर तो ९४ मायक्रोसेकंदांवर थांबला. त्यानंतर ६४ सॅम्पलवर ४० मिनिटांचे रेकॉर्डिंग केले आणि ते एकदाही तुटले नाही. याची किंमतही आहे: तेच कंपाइल नव्या कर्नलवर २६ ऐवजी २९ मिनिटे घेते. रेकॉर्डिंग नसेल तेव्हा मी जुनेच कर्नल वापरेन, आणि ग्रबच्या मेनूत ते कायम ठेवले आहे.

सिक्युअर बूट अजून बंद आहे. पुढच्या शनिवारी स्वतःच्या किल्लीने सही करायची, तिच्यासोबत वायरलेसच्या मॉड्यूलवरही, आणि मग ते चालू करायचे.